सूचना: बेसिन, ड्रेनेजच्या कामाआधी वाचा

रुग्णालय देखभाल गट, पुणे. सर्व सभासदांना नमस्कार.

परवा वॉर्डातल्या बेसिनचा ट्रॅप (खालचा वाकडा पाइप) खोलताना आपल्या एका प्लंबरदादांच्या बोटात इंजेक्शनची वापरलेली सुई घुसली. पातळ हातमोजा आरपार. "काही होत नाही" म्हणत ते संध्याकाळपर्यंत गप्प राहिले. कळकळीने सांगतो, असं करू नका. बोट पिळू नका, साबण-पाण्याने धुवा आणि तडक कॅज्युअल्टीत जा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं चांगलं, ७२ तासांच्या आत सुरू व्हायलाच हवं.

हिपॅटायटिस बीच्या लसीचे ३ डोस राहिले असतील तर सुपरवायझरकडे नाव द्या, कंत्राटी मंडळींनीसुद्धा. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्यांना ही लस देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे.

आणि पाऊस सुरू झालाय, तुंबलेल्या चेंबरमध्ये कोणीही उतरायचं नाही. कोणी कितीही घाई केली तरी.