आठही दिवे लागले होते, सर

प्रिय सर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. आपली ओळख एका फोन नंबरापुरती, तोही मित्राकडून मिळालेला. तरी त्या रात्री तुम्ही सव्वा तास फोनवर थांबलात. मागून ताट-वाटीचा आवाज येत होता, म्हणजे जेवण अर्धवट टाकूनच. त्याबद्दल आधी माफी, मग आभार.

तक्रार ऑफिसच्या नेटवर्कवरच्या, हिशेब विभागातल्या एकाच कॉम्प्युटरची होती. छोटी फाइल झटकन उघडायची, मोठी कॉपी करायला घेतली की मध्येच अडकायची. पिंग (पलीकडून उत्तर येतं का, हे बघणारा छोटा संदेश) व्यवस्थित, स्विचवर, म्हणजे सगळे कॉम्प्युटर जोडणाऱ्या पेटीवर, लिंकचा दिवा हिरवा. मी नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर पुन्हा टाकला, स्विचवरचा पोर्ट (केबल खोचायची जागा) बदलला आणि शेवटी नवा स्विच मागवायचा अर्ज टाइप करायला बसलो होतो.

तुमचा पहिलाच प्रश्न होता, "पोर्टवर सीआरसी एरर किती?" सीआरसी एरर म्हणजे वाटेत बिघडून पोचलेले डेटाचे तुकडे; स्विचच्या काउंटरवर त्या चार हजारांच्या वर होत्या. मला वाटलं, सापडलं! तुम्ही शांतपणे म्हणालात, "तो आकडा कधीपासून साठलाय कोणास ठाऊक. काउंटर शून्य करा, मोठी फाइल कॉपीला लावा, मग बोला." दोन मिनिटांत तीनशे झाल्या. पोर्ट मी आधीही बदलला होता, पण तेव्हा काउंटर बघायचं सुचलंच नव्हतं. आता नव्या पोर्टवरही आकडा चढताना दिसला आणि स्विच संशयातून सुटला. दोन्ही टोकांना फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) आहे ना, हेही तुम्ही बघायला लावलंत, कारण तिथे मेळ नसला तरी सीआरसी वाढतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तुम्ही चारदा तरी बजावलंत. (मी तीनदा विसरलो.)

उरली स्विचपासून छतातून गेलेली केबल, साधारण चाळीस मीटर; आत आठ तारा, दोन-दोन एकत्र पिळलेल्या, अशा चार जोड्या. केबल टेस्टर लावला तर एकेका तारेचा एक, असे एक ते आठ सगळे दिवे ओळीने लागले. स्विचमधल्या टीडीआरनेही (तारेत सिग्नल सोडून तुटकी जागा शोधणारी चाचणी) चारही जोड्यांपुढे नॉर्मल दाखवलं. मी म्हटलं, "सर, केबल चांगली आहे." यावर तुम्ही जरा थांबलात आणि विचारलंत, "प्लगमधले रंग वाचून दाखवा."

पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. वाचताना मला तो क्रम छानच वाटत होता, जोडीशेजारी जोडी. तुम्ही हसलात. दुसऱ्या टोकालाही तोच क्रम, म्हणून टेस्टर खूश. तो फक्त एवढंच बघतो की या टोकाची तीन नंबरची तार त्या टोकाला तीनवरच पोचते का. पण सिग्नलची एक जोडी तीन आणि सहा नंबरची असते. माझ्या प्लगमध्ये तीनवर पांढरा-हिरवा होता आणि सहावर निळा, म्हणजे दोन वेगळ्या पिळांतल्या तारा. पीळ असतो तो जोडीतल्या दोन्ही तारांवर बाहेरचा गोंधळ सारखाच पडावा म्हणून. पलीकडे दोघींतला फरक घेतला की तो कटतो. जोडीच फुटली तर कटणार काय? आखूड पॅच कॉर्डमध्ये (जोडायच्या छोट्या केबलमध्ये) हे खपूनही जातं, चाळीस मीटरवर गिगाबिटच्या वेगाला नाही.

हिरवी जोडी निळीच्या दोन्ही बाजूंना फाकवायची ती का, हेही तुम्ही सांगितलंत: मधल्या चार-पाचवर जुन्या टेलिफोनच्या लाइनची जागा, म्हणून दुसऱ्या जोडीने तिला वळसा घालायचा. इतकी वर्षं प्लग दाबतोय (क्रिंप करतोय), हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

मग दोन्ही प्लग कापले. पीळ गरजेपुरताच सोडा, तेरा मिलिमीटरच्या वर नको, हे तुमचं वाक्य ऐकत नवे प्लग दाबले. काउंटर शून्य केला, तीच फाइल पाठवली. शून्य. पुन्हा पाठवली. शून्यच.

खरे आभार मात्र पुढच्या गोष्टीचे आहेत. "ही केबल कोणी क्रिंप केली?" असं तुम्ही विचारलंत आणि मी गप्प बसलो. तुम्हाला कळलं असणारच. तुम्ही एवढंच म्हणालात, "असो, आता नीट झाली ना." दुसऱ्या दिवशी साहेबांनी तुम्हाला फोन करून दोष कशात होता ते विचारलं, तेव्हाही "प्लगमध्ये" इतकंच उत्तर दिलंत. ते मला साहेबांकडूनच कळलं. त्याच दुपारी मी त्यांना सांगून टाकलं की प्लग माझेच होते, आणि स्विचचा अर्ज फाडला.

त्याच आठवड्यात मी आणखी नऊ केबल क्रिंप केल्या होत्या, सर. सहा उघडून पाहिल्या, सहाही तशाच निघाल्या. उरलेल्या तीन या रविवारी उघडतो.

तुमचा,
चुकीचे प्लग दाबणारा