भावाची नऊ मिनिटं आणि घरचा लिनक्स रेकॉर्डर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांचं पत्र होतं. डीटीएचचा बॉक्स बदलून घ्यायचा आहे, पण जुन्या बॉक्समधलं रेकॉर्डिंग नव्यात येणार नाही असं कंपनीचा माणूस सांगतो, मग इतक्या वर्षांचं साठवलेलं गेलं का, असा त्यांचा प्रश्न होता. मी त्याच दिवशी लिहायला बसले. माझ्या घरी हेच घडलं आहे.

माझा थोरला भाऊ तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. 2017 साली सह्याद्री वाहिनीच्या शेतीविषयक कार्यक्रमासाठी त्याच्या बेदाणा शेडवर चित्रीकरण झालं. नऊ मिनिटांचा भाग होता. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवून जाळीवर कसे पसरायचे, सावलीत वारं कसं खेळतं ठेवायचं, हे तो समजावून सांगत होता. शेवटी एक मणी चिमटीत दाबून बघतो आणि निवेदकाला म्हणतो, “अजून दोन दिस.” हे सगळं मी आमच्या डीटीएचच्या बॉक्सवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. 2020 साली भाऊ गेला. त्यानंतर वहिनी आमच्याकडे आली की एकदा तरी ते लावायचं, हे ठरलेलंच.

2022 च्या पावसाळ्यात वीज पडली आणि बॉक्स जळला. कंपनीच्या माणसानं नवा बसवून दिला. जुना माझ्या मालकीचा होता, तो मी ठेवून घेतला. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची शिल्प निदेशक म्हणून एकतीस वर्षं काम केलंय, त्यामुळे हार मानायचा प्रश्न नव्हता. बॉक्स उघडला, आतली 500 जीबीची हार्ड डिस्क काढली आणि कॉम्प्युटरला जोडली. डिस्क ठणठणीत, एकही सेक्टर खराब नाही. फायलीही दिसत होत्या.

पण चालेनात. डिजिटल टीव्हीचा प्रवाह 188 बाइटांच्या पुडक्यांत येतो आणि प्रत्येक पुडक्याचा पहिला बाइट षोडशमान (सोळाच्या पायाच्या) पद्धतीत 47 असतो. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधले बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ती खूण मी संध्याकाळभर शोधली. कुठेही नाही, नुसती आकड्यांची खिचडी. रेकॉर्डिंग कूटबद्ध, म्हणजे कुलूपबंद होतं, आणि ते उलगडणारी चावी जळून गेलेल्या बोर्डवर होती. कंपनीला फोन केले, पत्रं लिहिली. उत्तर एकच: रेकॉर्डिंग फक्त त्याच बॉक्सवर चालतं. म्हणजे डिस्क माझी, महिन्याची वर्गणी मी भरलेली, आणि त्यातलं माझ्या भावाचं बोलणं मात्र माझं नाही. हे मला आजही पटलेलं नाही.

त्यानंतर मी ठरवलं की आता घरात जे रेकॉर्ड होईल ते माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर, साध्या फायलींत.

कॉम्प्युटरवर टीव्ही रेकॉर्ड करायचा प्रयत्न मी 2006 मध्येही केला होता. तेव्हा केबल अॅनालॉग होती. बीटी 878 चिपचं स्वस्त टीव्ही कार्ड आणलं होतं. विंडोजसारख्याच पण मोफत असलेल्या लिनक्स या प्रणालीला कार्डाचा आणि ट्यूनरचा (वाहिनी पकडणाऱ्या भागाचा) क्रमांक हातानं सांगावा लागायचा, आवाजासाठी कार्डातून साउंड कार्डाला वेगळी वायर टाकावी लागायची, आणि चित्राचं एमपेग (दाबून लहान केलेला डिजिटल व्हिडिओ) करता करता प्रोसेसर घामाघूम व्हायचा. 2002 साली आयझॅक रिचर्ड्स यांनी सुरू केलेलं मिथटीव्ही हे टीव्ही रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर तेव्हा नावाजलेलं होतं, तेच मी वापरलं. पुढे केबल डिजिटल झाली आणि ते कार्ड माळ्यावर गेलं.

आता काम उलट सोपं झालंय, आणि त्याचं कारण दूरदर्शनची फ्री डिश. डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावानं ती सुरू झाली. महिन्याला एक पैसा लागत नाही, आणि मुख्य म्हणजे माझ्या कार्डावर सह्याद्री बिनकुलपाची येते. चित्र आधीच एमपेगमध्ये असतं. ते पुन्हा तयार करायचं नाही, आलेला प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर उतरवायचा. त्यामुळे कुणाच्या ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटरही पुरतो. मी साडेपाच हजाराला घेतला. उपग्रहाच्या डिजिटल प्रक्षेपणासाठीचं दोन ट्यूनरचं कार्ड त्यात बसवलं आणि लिनक्सचा डेबियन हा प्रकार टाकला.

छत्री लावायला शेजारचा मुलगा गच्चीवर आला. फ्री डिशचा जीसॅट-15 हा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे. सांगलीहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 60 अंश वर येतो. मोबाइलच्या होकायंत्रावर दिशा धरली, मग बोटभर इकडे, बोटभर तिकडे. सिग्नल काही येईना. शेवटी मल्टिमीटर घेऊन केबलच्या टोकाला व्होल्टेज मोजलं. कार्डानं एलएनबीला (छत्रीसमोर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला) 13 किंवा 18 व्होल्ट द्यायला हवेत: 13 म्हणजे उभं ध्रुवीकरण (लहरींच्या कंपनाची दिशा), 18 म्हणजे आडवं. मीटरवर शून्य. केबलच्या टोकाचा एफ कनेक्टर सोडवून पाहिला, तर केबलच्या बाहेरच्या जाळीची केसाएवढी एक तार वळून मधल्या तांब्याला टेकली होती. त्या शॉर्टमुळे कार्डानं पुरवठाच तोडला होता. तार कापली, कनेक्टर नव्यानं बसवला आणि पाच मिनिटांत सिग्नल आला. हे मुद्दाम लिहिते, कारण असल्या वेळी लोक कार्ड परत करतात, लिनक्सला नावं ठेवतात, आणि दोष असतो दहा रुपयांच्या कनेक्टरचा.

दुसरी अडचण फर्मवेअरची, म्हणजे कार्डातल्या चिपला लागणाऱ्या प्रोग्रॅमची. कार्ड दिसत होतं, ड्रायव्हरही लोड झाला होता, तरी एकही वाहिनी लागेना. ‘डीमेसेज’ हा आदेश दिल्यावर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत एक ओळ सापडली: अमुक नावाची फर्मवेअर फाइल मिळाली नाही. ती आणून ‘लिब’मधल्या ‘फर्मवेअर’ फोल्डरमध्ये ठेवली, मशीन बंद करून चालू केलं आणि काम झालं. माझ्या दोन संध्याकाळी या एका ओळीपायी गेल्या, म्हणून कार्ड बसवल्यावर आधी तीच वाचा.

रेकॉर्डिंगला मी टीव्हीहेडएंड हा प्रोग्रॅम वापरते. ते पाठीमागे गुपचूप चालतं आणि घरातल्या कुठल्याही ब्राउझरमधून पोर्ट 9981 वर उघडतं. टीव्हीवर बघायला कोडी. दोन्ही मोफत आणि दोन्हींचा सोर्स कोड खुला. ज्या वापरकर्त्याच्या नावानं टीव्हीहेडएंड चालतं त्याला ‘व्हिडिओ’ गटात घालायला विसरू नका, नाहीतर कार्ड त्याला दिसतच नाही. कार्यक्रम कधी आधी सुरू होतो, कधी उशिरा संपतो, म्हणून मागेपुढे दहा दहा मिनिटं जादा धरते. आणि एक गोष्ट मला स्वतःला फार आवडली: एका ट्रान्सपाँडरवर (उपग्रहाच्या एका प्रक्षेपण-पट्ट्यावर) अनेक वाहिन्या एकत्र येतात, त्यामुळे एकच ट्यूनर त्यातल्या तीन-चार वाहिन्या एका वेळी रेकॉर्ड करू शकतो. हे आयटीआयच्या मुलांना दाखवलं तेव्हा मल्टिप्लेक्सिंगचा जो धडा फळ्यावर त्यांच्या डोक्यावरून जायचा, तो त्यांना तिथेच कळला.

विजेचं काय, असं विचाराल. आमच्याकडे वीज जाते. छोटा यूपीएस आहे, आणि बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ‘वीज परत आली की आपोआप चालू हो’ अशी सेटिंग केली आहे. एकदा यूपीएसची बॅटरी संपली आणि रेकॉर्डिंग मध्येच तुटलं. फाइल उघडली तर तुटल्या क्षणापर्यंतचं सगळं शाबूत. प्रवाह 188 बाइटांच्या सुट्या पुडक्यांचा असल्यामुळे शेवट नीट बंद झाला नाही तरी आधीचं वाया जात नाही. त्या रात्री मी तीच फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडली. 47. पुढे 188 बाइटांनी पुन्हा 47. पुन्हा 47. जळलेल्या बॉक्सच्या डिस्कवर जी खूण मी संध्याकाळभर शोधली होती, ती इथे ओळीनं उभी होती.

माझ्या फायली तासाला साधारण सव्वा ते दीड जीबी होतात, एक टीबीच्या डिस्कवर कित्येक महिन्यांचं मावतं. गेल्या वर्षी भाचीच्या गावातल्या बचत गटावर दहा मिनिटांचा कार्यक्रम लागला. दुसऱ्या दिवशी मी तो सहा पेन ड्राइव्हवर घालून सहा घरी दिला. एकीनं तो टीव्हीलाच लावला, दुसरीनं मोबाइलवर. दोन्हीकडे चालला.

कायद्याची भीती काही जण घालतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये खासगी, वैयक्तिक वापरासाठी रास्त उपयोगाची मुभा आहे. अमेरिकेत तर घरी टीव्ही रेकॉर्ड करून सवडीनं बघण्याचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि 1984 मध्ये निकाल बघणाऱ्यांच्या बाजूनं लागला. मी कुणाचं कुलूप फोडत नाही, विकत नाही, इंटरनेटवर चढवत नाही.

माझी मागणी दोन ठिकाणी आहे. प्रसार भारतीनं सह्याद्रीसारख्या आपल्या वाहिन्या आज आहेत तशाच बिनकुलपाच्या ठेवाव्यात. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. त्या पडद्यावर आलेली माणसं अशीच कुणाची तरी भाऊ-बहीण आहेत, आणि त्यांचं बोलणं घरात जपून ठेवायची सोय सरकारी वाहिनीवर तरी राहावी. दुसरी मागणी डीटीएच कंपन्यांकडे. ग्राहकाला स्वतःचं रेकॉर्डिंग बाहेर काढू देणार नसाल, तर बॉक्सच्या खोक्यावर मराठीत, ठळक अक्षरांत छापा: हा बॉक्स बिघडला तर यातलं काहीही मिळणार नाही. मी ते वाचलं असतं तर त्याच आठवड्यात दुसरी सोय केली असती.

मोबाइलवर सगळं मिळतं, ही जळमटं कशाला, असं माझा मुलगा म्हणतो. भावाची ती नऊ मिनिटं मी मोबाइलवर शोधली, जिथे विचारता येईल तिथे विचारलं. मिळाली नाहीत. पुतण्यानं त्या वेळी टीव्हीसमोर फोन धरून घेतलेला चाळीस सेकंदांचा तुकडा तेवढा आहे. त्यात पडदा वाकडा दिसतो, आणि ऐन “अजून दोन दिस”च्या वेळी स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी होते.

म्हणून त्या पत्रलेखक गृहस्थांना कळकळीची विनंती. तुमचा जुना बॉक्स अजून चालत असेल तर तो परत देऊ नका, आणि वर्गणी थकवू नका. त्याच्या मागे पिवळी, पांढरी, लाल अशी तीन भोकं असतील. तिथून एव्ही केबल काढून यूएसबी कॅप्चर स्टिकला (चित्र-आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या छोट्या उपकरणाला) लावा, स्टिक कॉम्प्युटरला जोडा, बॉक्सवर कार्यक्रम चालू करा आणि इकडे रेकॉर्ड करत बसा. तासाच्या कार्यक्रमाला तास लागेल, चित्र थोडं मऊ येईल, पण येईल. माझा बॉक्स त्या रेकॉर्डिंगनंतर पाच वर्षं चालू होता आणि ही स्टिक माझ्या कपाटातच होती.

आपली,
एक निवृत्त शिल्प निदेशक, सांगली