सूचना: पट्टा सोडण्यापूर्वी
सर्व सभासदांना विनंती आहे की, हाकेसरशी परत येण्याची सवय पक्की होईपर्यंत बेळगावच्या टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत कोणीही कुत्र्याचा पट्टा सोडू नये; तोवर सुमारे १० मीटरची दोरी गळपट्ट्याला नव्हे, तर छातीपट्ट्याला बांधून सराव करावा. मुधोळ जातीचे कुत्रे नजरेने शिकार हेरते, त्यामुळे काही हलले की त्याला हाक ऐकूच येत नाही. गेल्या पावसाळ्यात माझी कुत्री अशीच मोरामागे धावली आणि ती सापडेपर्यंतचा तास मी विसरलेलो नाही. उशिरा आले तरी कुत्र्यावर रागावू नये, उकडलेल्या कोंबडीचा तुकडा द्यावा आणि पुन्हा खेळायला सोडावे, अन्यथा हाक म्हणजे खेळ संपला असे ते समजते. हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण १२ ते १८ महिन्यांपर्यंत, कुत्र्याला अडथळ्यांवरून उड्या घ्यायला लावू नये. पिल्लांसाठी अडथळ्याची दांडी जमिनीवरच ठेवली जाईल.