वेल्डरची परीक्षा घेता, मग भाषांतरकाराची का नाही? अणुऊर्जा राज्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. राज्यमंत्री महोदय, अणुऊर्जा विभाग, नवी दिल्ली
स.न.वि.वि.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. इथल्या सयाजीराव विद्यापीठात रशियन शिकलो आणि आयुष्यभर टेक्निकल कागदांचं भाषांतर करून घर चालवलं. पंप, व्हॉल्व्ह, टर्बाइन, केबल, जे मिळेल ते. गेल्या वर्षी एका सेमिनारला दिल्लीहून एक साहेब आले होते, त्यांनी स्टेजवरून सांगितलं की टेक्निकल भाषांतरकारांचं पॅनेल होणार, परीक्षा होणार, दर ठरणार. आम्ही टाळ्या वाजवल्या. माझा बायोडाटा तर त्यांनी स्वतः हातात घेतला. (कुठल्या खात्याचे ते लिहीत नाही, पोरगी म्हणाली बाबा उगाच केस होईल.) पॅनेलचं पुढे काहीच कळलं नाही आणि परवा एका एजन्सीचा मेल आला की यापुढे रशियन फाइली सॉफ्टवेअर करणार, तुम्ही फक्त बघून द्यायच्या, दर आधीच्या पाव हिस्सा. फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणतो, "काका, हवे तो बधुं मशीन ज करे छे." म्हणजे आता सगळं मशीनच करतं.

बरं. मशीनने काय केलं होतं ते सांगतो. रशियन लोक दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात, फ्रेंच पण देतात. त्यांच्या कागदावर १,२५० मिलिमीटर असेल तर ते सव्वा मिलिमीटर, आणि आपला माणूस वाचतो साडेबाराशे. एजन्सीने पाठवलेल्या नमुन्याच्या फाइलमध्ये असे स्वल्पविराम काही ठिकाणी बदललेले, काही ठिकाणी तसेच! सगळे चुकले असते तर निदान कुणाच्या लक्षात तरी आलं असतं. ती फाइल अणुभट्टीची नव्हती, साध्या गास्केटची होती. पण तमिळनाडूत कुडनकुलमला रशियन भट्ट्या आहेत, एक हजार मेगावॉटच्या, दोन चालू आणि चार बांधकामात. तिथे भट्टीतल्या पाण्याचा दाब १५.७ मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दीडशेपट आणि वर. मूळ कागदावर तो १५,७ असाच येणार ना साहेब? आणि जैतापूरला उद्या फ्रेंच कागद येतील, सहा भट्ट्यांचे.

आता मुद्दा. तुमच्या साइटवर महत्त्वाच्या पाइपला हात लावण्याआधी वेल्डरला टेस्ट पीस करून दाखवावा लागतो, तो पास झाला तरच काम, मग जोडाचा एक्स-रे, आणि जोड कुणी केला त्याचा नंबर रेकॉर्डला. एकदम बरोबर आहे, असंच पाहिजे. पण ज्या कागदावर वाचून तो वेल्डिंग करतो तो कागद परक्या भाषेतून कुणी आणला, त्याला ते मशीन कधी डोळ्यांनी दिसलंय का, याचं रेकॉर्ड कुठे असतं? आमच्या धंद्यात तर एकच परीक्षा, एल-वन. जो सगळ्यात कमी पैसे सांगेल तो पास.

माझे मामा इथल्या, बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत दुभाषे होते. रशियाच्या मदतीने उभी राहिली ती, १९६५ ला सुरू झाली. तेव्हा दुभाष्याला पगार होता, क्वार्टर होतं, रशियन इंजिनिअरबरोबर प्लांटमध्ये फिरायला मिळायचं म्हणून वस्तू माहीत असायची. मी साठीला आलो, ड्रॉइंगमधली बारीक अक्षरं वाचून डोळे गेले, मणक्याचा त्रास वेगळा, मागचं बिल दिवाळीपासून अडकलंय, मेडिक्लेमचा हप्ता पोरगी भरते. रशियन घेऊ का म्हणून कुणी विचारलं तर मी त्याला म्हणतो बाबा सेव उसळीची गाडी लाव.

आणि तुमच्याकडे पैसे नाहीत असंही नाही. २०२५ च्या बजेटमध्ये छोट्या भट्ट्यांसाठी २० हजार कोटी, २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज, आज आहेत नऊच्याही आत. नवीन कायदा आणून खासगी कंपन्यांना दार उघडलंत. येऊ दे की. पण त्यातले किती पैसे भाषेसाठी, ते एकदा सांगा.

खरं सांगू का, सरकारला भाषांतर नकोच असतं. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचा मसुदा आला, दिल्ली हायकोर्टाने सांगितलं घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या बावीस भाषांत द्या, तर केंद्र सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात! जैतापूरच्या २०१० च्या सुनावणीत गावकऱ्यांची तक्रार काय होती, मराठीतला रिपोर्ट वेळेवर दिलाच नाही. आमच्या गुजरातेत काकरापारच्या अणुवीज केंद्रात ११ मार्च २०१६ ला पहिल्या युनिटमध्ये गळती होऊन प्लांट इमर्जन्सी जाहीर झाली. ती भाषांतरामुळे झाली नाही हे मला कळतं, पण अशा वेळी बिहारहून आलेल्या कंत्राटी कामगाराला आणि शेजारच्या गावातल्या गामित, चौधरी आदिवासींना काय सांगायचं ते आधीच लिहून ठेवायला नको? आमच्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या राज्याने १९३१ मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांचा कोश छापला, फारसी आणि बंगालीसकट. एका संस्थानाने. कॉम्प्युटरशिवाय.

मागणी फार नाही. अणुप्रकल्पाचे कागद हाताळणाऱ्या भाषांतरकाराची परीक्षा घ्या, प्रत्येक कागदावर त्याचं आणि तपासणाऱ्या दुसऱ्या माणसाचं नाव टाका, हे काम एल-वनमधून काढा. मशीन वापरा हो, मी पण वापरतो, फक्त सही माणसाची पाहिजे आणि त्या माणसाला वर्षातून एकदा तरी प्लांट बघायला द्या. मला घेऊ नका, माझं वय झालं. पण विद्यापीठात आज जी चार पोरं रशियन शिकतायत त्यांना घ्या, नाहीतर ती पण कॉल सेंटरला जातील.

आपला,
एक भाषांतरकार, बडोदे

ता.क. अडकलेल्या बिलावरचा टीडीएस मात्र वेळेवर कापलाय.