कंटेनर आणि चारचं ऊन, खिडकी एकच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रस्त्याच्या आवाजावर तुमच्याकडे ढिगाने पत्रं येत असतील, पण मी खिडकीबद्दल लिहितेय, कारण गेली दोन वर्षं माझं भांडण खिडकीशीच चाललंय. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे, चौथ्या मजल्यावर. बिल्डिंग रस्त्याच्या पूर्वेला, त्यामुळे हॉल आणि बेडरूम दोन्हीच्या खिडक्या पश्चिमेला. फ्लॅट बघायला आलो तेव्हा समोर येऊरचे डोंगर दिसले आणि आम्ही खूश, डोंगराच्या आधी रस्ता आहे हे काही कोणाच्या डोक्यात आलं नाही. आता दुपारी चारनंतर ऊन आणि रात्री अकरानंतर कंटेनर. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागाला रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, माझ्या मोबाइलवर खिडकी उघडी ठेवून ७४ आणि बंद करून ५९ दिसायचे. अॅप म्हणजे काही सरकारी मीटर नव्हे, पण अंदाज येतो.

पहिला मूर्खपणा माझाच. ऑनलाइन बघून अंड्याच्या ट्रेसारखा दिसतो तो फोम मागवला, साडेतीन हजारांचा, आणि खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर चिकटवला. सासूबाई म्हणाल्या, पोल्ट्री काढायची आहे का गं? आवाज एका डेसिबलनेही कमी झाला नाही. हा फोम खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज शोषतो, बाहेरून येणारा अडवत नाही, अडवायला वजन लागतं आणि मुख्य म्हणजे फट नसावी लागते.

फट कुठे आहे ते उदबत्तीने कळलं. पंखा बंद करून पेटलेली उदबत्ती खिडकीच्या कडेने हळूहळू फिरवली, तर बिल्डरने दिलेल्या अॅल्युमिनियमच्या स्लायडिंगमध्ये दोन शटर जिथे एकमेकांवर येतात तिथे धूर सरळ आडवा झाला, खालच्या ट्रॅकमध्ये पाणी जायला भोकं असतात तिथेही तेच, आणि ब्रशची पट्टी तर झिजून नुसती दोऱ्यासारखी राहिलेली. सगळ्यात कहर म्हणजे एसीच्या पाइपसाठी भिंतीत पाडलेलं भोक, त्यात एसीवाल्याने वर्तमानपत्राचा बोळा कोंबून वरून पांढरी पुट्टी फासली होती, पुट्टी पडल्यावर आतून तुमचाच पेपर निघाला, राशिभविष्याचं पान!

फॅब्रिकेटर, म्हणजे खिडक्या बनवणारा, आला तो पहिल्यापासून एकच, मॅडम डबल ग्लास घ्या. नीट विचारलं तेव्हा कळलं की दोन काचांमधली ती अर्ध्या इंचाची हवा उष्णतेसाठी चांगली, पण ट्रकच्या धडधडीला तिचा फारसा उपयोग नाही, त्यापेक्षा मधे प्लास्टिकचा थर असलेली लॅमिनेटेड काच बरी, आणि जागा असेल तर जुनी खिडकी तशीच ठेवून आतून चार इंच सोडून दुसरी बसवणं सगळ्यात चांगलं. आमच्याकडे जागा नव्हती. मग बेडरूमला स्लायडिंग काढून रबरी गॅस्केटची, म्हणजे फट बुजवणाऱ्या पट्टीची, दाबून लॉक होणारी, दारासारखी उघडणारी ओपनेबल खिडकी केली. ती बाहेर उघडते, बॉक्स ग्रिल दीड फूट खोल होतं म्हणून जमलं, नाहीतर आत उघडा आणि पडदे विसरा. आता बंद केल्यावर अॅप ४४-४५ दाखवतं. हॉर्न, माणसांचं बोलणं, बाइक जवळजवळ गेलंच, अवजड गाडीची ती जमिनीतून येते तशी घरघर मात्र अजून आहे.

उन्हाचं वेगळंच. आधी जाड ब्लॅकआउट पडदा लावला, खोलीत अंधार झाला आणि पडद्याला हात लावला तर तो इस्त्रीसारखा गरम. ऊन काचेतून आत आलं की आलं, मग पडदा तापून खोलीच तापवतो. खिडकीवर छज्जा आहे, पण छज्जा दक्षिणेच्या खिडकीला कामाचा, पश्चिमेचं ऊन खालून तिरकं येतं, त्याला छज्जा काय करणार. शेवटी बांबूची चिक आणली आणि काचेच्या बाहेर, ग्रिलच्या आत सोडली. पडद्याने जे झालं नाही ते हिने केलं, चटका गेला आणि वारा सुरू. तर सोसायटीचं पत्र, बिल्डिंगचं एलिव्हेशन, म्हणजे बाहेरून दिसणारं रूप, बिघडतं म्हणून चिक काढा! डिश अँटेनांनी आणि वाळत घातलेल्या टॉवेलांनी एलिव्हेशन बिघडत नाही वाटतं.

आणि इतकं करून मूळ दुखणं तसंच आहे. शांत झोपायचं तर खिडकी बंद, बंद केली की कोंडतं म्हणून एसी, एसी लावला की बिल. म्हणजे रस्त्याच्या आवाजाचं भाडं आम्ही वीज कंपनीला भरतो. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये आवाज कसा अडवायचा यावर वेगळं प्रकरण आहे, घरं कमी तापावीत म्हणून २०१८ ची इको निवास संहिताही आहे, तरी हायवेला लागून असलेल्या टॉवरला तीच हलकी स्लायडिंग मिळते जी आतल्या गल्लीतल्या बिल्डिंगला मिळते. मोठ्या रस्त्याकडे तोंड असलेल्या खोल्यांना गॅस्केटवाली खिडकी आणि बाहेरून सावलीची सोय असल्याशिवाय महापालिकेने प्लॅन पास करू नये, एवढंच माझं म्हणणं. नंतर फ्रेम फोडून बसवायला किती जातात ते आता मला तोंडपाठ आहे.

कोणी या रस्त्यावर फ्लॅट बघत असेल तर सकाळी जाऊ नका. दुपारी साडेचारला जा, सॅम्पल फ्लॅटमधला एसी बंद करायला सांगा आणि पर्समध्ये उदबत्ती ठेवा. सेल्सवाला विचित्र बघेल, बघू दे.

आपली,
एक वाचक, ठाणे (प.)

ता.क. चिक अजून काढलेली नाही. पावसाआधी काढणारच होते, बुरशी येते म्हणून, सोसायटीच्या पत्रामुळे नव्हे.