पदवी आहे, बारावी कुठाय?

संपादक महोदय,

दहावीनंतर सुटलेले शिक्षण मी 19 वर्षांनी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या 'पूर्वतयारी'तून पुन्हा धरले. बारावी न झालेल्यांना पदवीला बसता यावे म्हणून तो शिक्षणक्रम. इतवारीतल्या दुकानाचे शटर पाडून रात्री पुस्तक उघडायचे, तर पहिला महिनाभर दोन पानांतच डुलकी. परीक्षेत तीन तास लिहायची सवय गेलेली, बोटे आखडायची. पुढच्या तीन वर्षांपेक्षा मला ते दिवसच मोलाचे वाटतात.

पदवी घेऊन नोकरीला गेले, तर मुलाखतीत पहिला प्रश्न, "बारावीची गुणपत्रिका?" पूर्वतयारी बारावीच्या समकक्ष नसते, हे तेव्हा कळले. अभ्यासकेंद्रात कुणी सांगितले नव्हते. मीही विचारले नाही, हे खरेच. आता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून बारावीचा अर्ज भरला आहे. पदवीधर आई बारावीला, म्हणून लेक रोज चिडवते.

प्रवेशाच्या वेळीच अभ्यासकेंद्रांनी ही बाब फळ्यावर ठळक लिहून ठेवावी, एवढीच विनंती.

— एक वाचक, महाल, नागपूर