आतल्या चेनच्या कप्प्यातलं पत्र

मुलुंड, शुक्रवार, रात्रीचे पावणेबारा

चि. मनूस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या खोलीतला दिवा आत्ता बंद झाला. बाबांनी दोनदा हाक मारली, "साडेतीनला टॅक्सी येणार आहे, तूही पड जरा." तू पहाटे मैत्रिणींबरोबर सिंगापूरला आणि तिथून जहाजाच्या सहलीला निघणार, मला झोप लागणार नाही हे त्यांनाही ठाऊक आहे.

जेवताना मी तुझा मोबाइल उचलला आणि कव्हरमागे खोचलेलं कार्ड ओढून काढलं. तू म्हणालीस, "आई, तू अजून बँकेच्या काउंटरवर बसल्यासारखी वागतेस." तुझी मैत्रीण फोनवर होती, तिच्यासमोर मी तसं करायला नको होतं. तेवढं माझं चुकलं. पण तू ताटावरून उठून गेलीस आणि माझं बोलणं अर्धंच राहिलं.

म्हणायचं होतं ते एवढंच. त्या कव्हरमध्ये कार्ड ठेवलंस आणि मोबाइल गेला, तर कार्ड गेलं, कार्ड ब्लॉक करायचं ॲप गेलं, आणि बँकेचा नंबर ज्यात सेव्ह केला तेही गेलं. तिन्ही एका झटक्यात. माझी आई गावाहून लाँचने यायची. रेवसला चढायची, भाऊच्या धक्क्याला उतरायची. तिच्याकडे असून असून किती पैसे असणार? तरी ते तीन ठिकाणी असायचे. तिकिटापुरते मुठीत, थोडे पदराच्या गाठीत, आणि नोट म्हणावी अशी काही असेल तर रुमालात बांधून ब्लाउजच्या आत. धक्क्यावर उतरली की आधी गाठ चाचपायची, मग मला जवळ घ्यायची. लहानपणी मला त्याचा राग यायचा.

तेव्हा तूही तीन ठिकाणी ठेव. बाहेर पडताना एक कार्ड आणि त्या दिवसापुरती रोकड अंगावर. दुसरं कार्ड केबिनच्या तिजोरीत. फॉरेक्स कार्ड, म्हणजे ते परदेशी चलन भरून घेतलेलं, पासपोर्टच्या पाउचमध्ये. तिजोरीला तुझी जन्मतारीख नंबर म्हणून देऊ नकोस, ती पासपोर्टवरच छापलेली असते.

जहाजावर रोकड चालत नाही म्हणालीस, ते खरं आहे. केबिनची किल्ली म्हणून जे कार्ड देतात त्याच्यावरच सगळं लिहिलं जातं, आणि शेवटी हिशेब होतो. बहुतेक मोठ्या जहाजांवर तो अमेरिकन डॉलरमध्ये. पण त्या खात्याला चढतानाच आपलं एखादं कार्ड जोडावं लागतं किंवा रोख डिपॉझिट भरावं लागतं, आणि तिथे डेबिट कार्ड देऊ नकोस. खर्च होण्याआधीच ते रक्कम अडवून ठेवतात. डेबिट कार्ड असेल तर ते तुझ्या सेव्हिंगमधले खरे पैसे असतात, प्रवास संपल्यावरही सुटायला काही दिवस लागतात. क्रेडिट कार्डावर नुसती मर्यादा अडकते. अडकलेली रक्कम म्हणजे काय हे मी लोकांना काउंटरवरून वर्षानुवर्षं समजावलंय. बॅलन्स दिसतोय आणि काढता येत नाही म्हटल्यावर माणूस किती घाबरतो, ते जाळीच्या या बाजूने पाहिलंय.

आणि मनू, चौघींचा खर्च तुझ्या एकटीच्या कार्डाला जोडू देऊ नकोस. "नंतर बघू गं" म्हणणारी तूच असशील, मला माहीत आहे. दादाच्या हळदीच्या वेळी काय झालं ते आठव. तुझा हात सढळ आहे, तो तसाच राहावा असं मलाही वाटतं. पण केबिनवार खाती वेगळी ठेवायला सांगितलं की ठेवतात.

बघ, परत शिकवायला लागले. मघाशी ठरवलं होतं की आशीर्वाद लिहायचे आणि पाकीट बंद करायचं.

फोर्टच्या ब्रँचला असताना कधीकधी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी-तिघी बॅलार्ड पिअरच्या बाजूला चालत जायचो. एखादं पांढरं मोठं जहाज लागलेलं असलं तर इमारतींच्या मधून त्याचा तुकडा दिसायचा. गोऱ्या बायका टोप्या घालून टॅक्सीशी घासाघीस करत असायच्या. डबा खाऊन हात धुतलेले, पदराला पुसलेले, आणि आम्ही तिथे उभ्या. कोणी काही बोलायचं नाही. दोनला पाच कमी असताना परत यायचं, स्पंज ओला करायचा आणि पुढचा टोकन नंबर पुकारायचा. आज माझी मुलगी स्वतःच्या पगारातून तिकीट काढून तशाच जहाजावर चढणार आहे. शेजारच्या काकूंना मी परवा लिफ्टमध्ये थांबवून सांगितलं. सिंगापूर, पेनांग, फुकेत, चार रात्री. त्यांनी विचारलंही नव्हतं.

आता खरं सांगते, मला कसली भीती आहे ती. कार्ड हरवेल याची नाही. कार्डं हरवतात. हरवलं तर तू सांगणार नाहीस, याची.

पुण्याला पहिल्या वर्षी मशीनने तुझं कार्ड गिळलं आणि तू पाच दिवस कोणाला काही बोलली नाहीस. रोज रात्री फोनवर "जेवले" म्हणत होतीस. मी पासबुक भरून आणलं तेव्हा दिसलं, आठवडाभर एक रुपया काढलेला नाही. मी दुसऱ्याच दिवशी पहाटे इंद्रायणी पकडली. तू हॉस्टेलच्या पायरीवर बसली होतीस, हातात वडापावचा कागद. म्हणालीस, "तुम्हाला त्रास नको म्हणून." त्या कागदाचा तेलकट डाग माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाही.

हे तुझ्यात कुठून आलं ते मला माहीत आहे, म्हणून एक गोष्ट आज पहिल्यांदा लिहिते.

१९९९ साल, दिवाळीच्या आधीचा आठवडा. तू सव्वा वर्षाची होतीस, तुला ताप होता आणि तुला आत्याकडे ठेवून मी ड्यूटीवर गेले होते. तेव्हा गड्ड्यांना पिना मारलेल्या असायच्या. त्या बंद झाल्या २००१ नंतर, मग कागदी पट्टी आली. पिना उपसून उपसून अंगठ्याच्या नखाखाली कायम एक चीर असायची. त्या दिवशी बोनसची गर्दी होती. संध्याकाळी क्लोजिंगला कॅश टॅली होईना. तीनदा मोजली. पाच हजार शॉर्ट. पन्नासची एक आख्खी गड्डी मी कोणालातरी जास्त दिली होती. कोणाला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. शॉर्ट आली की कॅशियरने भरायची, असंच होतं. मी पाटल्या मोडल्या. घरी सांगितलं की घट्ट होतात म्हणून आईकडे ठेवल्यात. तुझ्या बाबांना मी आजवर सांगितलेलं नाही. पाच हजारांचं दुःख दोन महिन्यांत गेलं असतं. लपवल्याचं अजून आहे, दर दिवाळीला ते हात पाहतात तेव्हा.

म्हणून म्हणते, सांग.

आणि यात नुसती माझी माया नाही, नियमही तेच म्हणतो. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली तसं परिपत्रकच काढलं होतं. तुझा आणि बँकेचा दोष नसताना तिसऱ्याच कोणी खात्यातून पैसे उचलले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तू कळवलंस, तर भुर्दंड तुझ्यावर पडत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर काही भाग तुझ्या माथी. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. पुण्याचे पाच दिवस मोज. पिन कार्डासोबत लिहून ठेवला किंवा कोणाला सांगितला तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच.

समुद्रात मेसेज येईलच असं नाही. किनारा सुटला की आपल्या सिमला टॉवर नसतो, आणि जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असलं तर त्याचं बिल भयंकर येतं. फोन विमानात ठेवतो तसा एअरप्लेन मोडवर ठेव, वायफाय वेगळं घे. नुसत्या वायफायवर ओटीपीच्या एसएमएसचा भरवसा नाही. त्यामुळे जे काही करायचं ते सिंगापूरला हॉटेलवर असतानाच कर. २०२० पासून नवीन कार्ड परदेशासाठी बंदच येतं, आपण ॲपमधून चालू करायचं, हे तुला माहीत असेल. दुकान, एटीएम, ऑनलाइन, प्रत्येकाचं बटण वेगळं, मर्यादाही आपणच ठरवायची. फॉरेक्स कार्डाचं ऑनलाइन बंद ठेव. परदेशातल्या बऱ्याच वेबसाइट ओटीपी विचारतच नाहीत, नंबर आणि मागचे तीन आकडे मिळाले की झालं. म्हणून कार्डाचा फोटो मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकायचा नाही. मागे गोव्याच्या हॉटेल बुकिंगला टाकला होतास. मी बोलले नव्हते.

पेनांगला जॉर्जटाउनच्या धक्क्यावर उतरलात की समोर बाजारच आहे. दुकानातलं मशीन विचारेल, रिंगिट, म्हणजे तिकडचं चलन, की रुपये. रुपये बघून बरं वाटतं, पण रिंगिटच दाब. रुपयांचा दर ते त्यांच्या मनाने लावतात. फुकेतला मोठं जहाज बऱ्याचदा लांब नांगर टाकतं आणि छोट्या बोटीने पाटाँगला नेतात. त्या बोटीत चढताना एक हात माणसाला द्यावा लागतो, दुसऱ्यात मोबाइल नको. लाँचमध्ये चढताना मामाचं घड्याळ गेलं ते असंच. तिथल्या एटीएमवर परदेशी कार्डाला दर खेपेला २०० बाहतहून जास्त फी कापतात, तेव्हा शंभर-शंभर काढत बसू नका. एकदाच काढा, बँकेच्या आत असलेल्या मशीनवर, दिवसाउजेडी.

शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, त्या सकाळी खाली मिळतात. त्यांत पैसे, पासपोर्ट, कार्ड काही नको. तिजोरीत हात घालून मागपर्यंत चाचपून बघ. आणि हिशेबाचा कागद रात्रीच मागून घे. टिपेचे पैसे रोजचे माणशी आपोआप लावलेले असतात, ते बघून दचकू नकोस. बाकी ओळ न् ओळ वाच. सकाळी उतरायच्या रांगेत भांडायला वेळ मिळत नाही.

खूप झालं. तू सत्तावीस वर्षांची आहेस, चार जणींत हिशेबाला तूच पक्की आहेस, तुझी टीम-लीडरही तेच म्हणते. मला हे कळत नाही असं नाही. दिवसभर लोकांचे पैसे मोजणाऱ्या बाईला आपल्या मुलीला मोकळ्या हाताने पाठवता येत नाही, त्याला मी काय करू? रागावली असलीस तर माफ कर. जहाजाच्या कठड्याशी उभी राहून एक फोटो पाठव, वाऱ्याने केस तोंडावर आलेले असले तरी चालेल.

आणि काही गेलं, मोबाइल, कार्ड, पैसे, काहीही, तर आधी बँकेला आणि लगेच मला. सिंगापूर-पेनांगचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे, फुकेतचं दीड तास, त्याचा विचार करू नकोस. "आई झोपली असेल" म्हणून थांबू नकोस. मी ओरडणार नाही. पुण्यालाही ओरडले नव्हते, आठव.

या कागदाच्या मागे दोन्ही बँकांचे परदेशातून लावायचे नंबर लिहिलेत, देशाच्या कोडसकट. आमचे दोघांचेही लिहिलेत. तुला पाठ आहेत म्हणशील, पण घाबरल्यावर पाठ राहत नाहीत. या कागदाची एक प्रत तुझ्या मैत्रिणीच्या पर्समध्ये ठेव आणि तिचे नंबर तुझ्याकडे.

हे लिहून झालं की पाटल्यांचं बाबांना सांगते. ते जागेच आहेत, कूस बदलल्याचा आवाज येतोय.

सोबतच्या पाकिटात शंभर डॉलर आहेत, दादाच्या ह्यूस्टनच्या खेपेतून उरलेले. परत आणायची गरज नाही. वीसच्या दोन, दहाच्या चार, पाचच्या चार. मी दोनदा मोजलेत. तरी तू मोजून घे.

तुझी,
आई